नव्या कॅमला जुना टॅपेट

१७ नोव्हेंबर २०१५

आज गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. दुपारी मारुतीच्या ओट्यावर पटाची बैठक झाली. शंकरपटावर, बैलांच्या शर्यतीवर, बंदी आली तेव्हापासून बैठक होत नव्हती, म्हणून गर्दी होती. अध्यक्ष कृष्णराव. ते उठून म्हणाले, यंदा पट होईल. बैलांचा नाही, मोटारसायकलींचा. जागा तीच, बोडीच्या तळ्याखालच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं. बैलांसाठी आखायचो तशीच दान, दोन सरळ पट्ट्या, आखायची. दान ती दानच, तिच्यावर काय धावतं ते महत्त्वाचं नाही.

पहिली धाव आमच्या घराची असते. आजोबांपासून. आमची जोडी सुटते तेव्हा पट सुरू झाला असं धरतात. कृष्णराव बाबांकडे न पाहता म्हणाले की घनश्यामकडे आता जोडी नाही, तेव्हा ज्याच्या घरी गाडी आणि धावणारा आहे त्याने हा मान घ्यावा. त्यांचा नातू गोलू नव्या पल्सरला टेकून उभा होता.

बाबा मागे बसले होते. सुपारी कातरत होते. कातरतच राहिले.

मी बायकांच्या बाजूने म्हटलं, आमच्या घरी गाडी आहे. कुणीतरी मायकडे पाहून विचारलं, चालवणार कोण, सीताबाई? सगळे हसले. मायसुद्धा हसली. मी म्हटलं, मी.

"बुलेट म्हशीवानी आहे, शालू," कृष्णराव म्हणाले. "पटात म्हैस आणतेस काय?"

"आणतो. तुमी पहिली धाव आमच्या नावानं ठेवा."

त्यांनी मिशी पुसली. "पटाच्या दिवशी झेंड्यासमोर गाडी उभी दिसली तं तुमची. नाई दिसली तं गोलूची."

हे लिहिते आहे ते रागाने. दुसरं काही नाही.

१८ नोव्हेंबर



बुलेट बाबांचीच. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याच्या पुढच्या जानेवारीत त्यांनी ती पटात बक्षीस म्हणून जिंकली. ते ती चालवत नाहीत. मी चालवते, साकोलीला शाळेत शिकवायला जाते तेव्हापासून. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. गावात दुसऱ्या कुणाला ती जमत नाही. हे मला आवडतं.

बैल या उन्हाळ्यात विकले. कोसऱ्या आणि चांद्या. दोघांना मिळून गिऱ्हाईक आलं नाही. जोडी फोडावी लागली. कुणाला दिले ते बाबांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. गोठा रिकामा आहे. माय तरी रोज झाडते.

बाबांचे बैल गेले. आता मान काढून घेत आहेत. तो मी जाऊ देणार नाही. मी हे बाबांसाठी करते आहे, एवढं स्पष्ट लिहून ठेवते.

२४ नोव्हेंबर

अनुपच्या गॅरेजात तीन तास. अनुप माझ्या कॉलेजातला, पवनीच्या कापडदुकानदारांचा मुलगा. घरच्यांनी त्याला गादीवर बसवायचं ठरवलं होतं. तो डिप्लोमा करून साकोलीला महामार्गावर येऊन बसला. लोकांच्या गाड्या वेगवान करून देतो. बोलतो फार.

कशासाठी, म्हणाला. सांगितलं. आधी हसला, मग गाडीभोवती फिरला. हजार फूट सरळ धाव म्हणजे सुटतानाच जोर पाहिजे. मोठा कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर आणि वेगळे कॅम. कॅम फिरतो, टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि शेवटी व्हॉल्व्ह उघडतो. नवे कॅम जरा फुगीर, म्हणून व्हॉल्व्ह जास्त उघडणार आणि जास्त वेळ उघडा राहणार. नागपूरच्या एका गिऱ्हाईकाने मागवलेली एक जोडी त्याच्याकडे पडून होती. गिऱ्हाईक परत आलंच नाही.

इंजिन उघडलं. सगळं गमछ्यावर मांडलं. व्हॉल्व्ह घासून बसवता येतील. रॉकर चालतील. पुशरॉड त्याने काउंटरच्या काचेवर लोळवले. न उड्या मारता लोळले. सरळ आहेत, चालतील. स्प्रिंगा थकल्या, बदलायच्या. टॅपेट बदलायचे.

टॅपेट का, मी विचारलं. आरशासारखे चमकत होते.

त्याने एक उचलून त्याचा तळ दाखवला. नखाला जाणवेल न जाणवेल इतका खळगा.

"पंधरा वर्षं एकाच कॅमवर घासला हा. याचा तळ त्या कॅमच्या मापाचा झाला. आता याच्याखाली नवा कॅम ठेवला तं हा त्याले खाऊन टाकते. कॅम नवा तं टॅपेट नवा."

विचार करून सांगते म्हटलं. टॅपेट खिशात टाकून आणले. जी गाडी बाबांनी जिंकली तिच्यातलं काहीही त्यांना विचारल्याशिवाय फेकणार नाही.

२५ नोव्हेंबर

बाबा हल्ली रोज संध्याकाळी बोडीच्या पाळीवरून कृष्णरावांच्या वाडीकडे जातात आणि दिवेलागणीला परत येतात. भांडायला जात असणार. घरी सांगत नाहीत. येतात तेव्हा दमलेले आणि शांत असतात. मनातलं बोलून आलेल्या माणसासारखे.

आज आल्या आल्या दोन्ही टॅपेट त्यांच्या तळहातावर ठेवले. म्हटलं, नवीन आणलंय, त्याच्यासोबत जुनं ठेवायचं की तेही नवंच घ्यायचं?

त्यांनी हाताकडे पाहिलं नाही. दारातून बोडीकडे पाहत राहिले. मग बोलले. महिन्याभरात इतकं बोलले नव्हते.

"नव्यासंग जुनाच पायजे. दोन्ही नवे जुपले तं दोघंबी बिथरते. जुना संग राहिला का नवा त्याच्या चालीनं चालते. चार दिस अडते, मान टाकते, मंग लागते वळणी. म्या तं जलमभर हेच पायलं."

"मंग जुनेच राहू द्यायचे?"

"जुन्याले सोडाचं नाई," ते म्हणाले आणि टॅपेट माझ्या हातात देऊन हात धुवायला गेले. त्यांच्या हातांना तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास होता. वाटेत कुणाच्या तरी पुंजण्यापाशी, धानाच्या ढिगापाशी टेकले असतील.

ठरलं.

२८ नोव्हेंबर

अनुपशी भांडण.

"तुझे बाबा मेकॅनिक आहेत का?"

"धुरकरी आहेत. तू जेवढ्या गाड्या पायल्या त्याच्याहून जास्त जोड्या पळवल्या त्याहीनं."

"जोड्या पळवल्या. इंजिन खोललं का कधी?"

मी म्हटलं, इंजिन म्हणजे तरी काय, दोन वस्तूंना एकमेकींसोबत पळायला लावायचं.  तो पाना उचलून म्हणाला की बसवून देतो, पण अनुपने बसवले असं कुठं सांगू नकोस, आणि बिघडलं तर मला शिव्या देऊ नकोस. मी म्हटलं, बिघडणार नाही आणि बिघडलं तर देईन.

नवे कॅम, जुने टॅपेट. सेटिंग माझ्याकडून करून घेतली. पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. मला दुसऱ्या वेळेला जमलं. तो म्हणाला, हात चांगला आहे, डोकं कुणाचं ऐकतं ते पाहा.

डोकं बाबांचं ऐकतं. यात मला लाज नाही.

५ डिसेंबर

आज पहिल्यांदा मोकळी सोडली.

साकोलीबाहेर रस्ता सरळ आहे तिथे. पहिल्या गिअरमध्ये हँडल हातातून निघून जातं की काय असं वाटलं. दुसऱ्यात ओढणी गळ्यापासून सुटली आणि मागे कुठेतरी गेली. शोधायला थांबले नाही.

परत येताना चहाच्या टपरीवर गोलू. म्हणाला, "ताई, म्हैस व्यायली का? लय हंबरून राहिली." म्हटलं, चल, तिकडच्या पुलापर्यंत. त्याने पेट्रोल कमी असल्याचं सांगितलं. त्याच्या टाकीवर बोटाने वाजवून पाहिलं. आवाज भरल्या टाकीचा होता.

बाबांना सांगितलं, तुम्ही म्हणाला तेच खरं. नव्याने चाल धरली. ते म्हणाले, "हो, धरली," आणि हसले. किती दिवसांनी.

९ डिसेंबर

माय म्हणते, सरकीची ढेप संपली, साकोलीहून आण. गोठ्यात खायला कोण आहे, विचारलं. "असू दे घरात," म्हणाली. उन्हाळ्यात बैल विकले तेव्हा पोतं अर्धं होतं. उंदीर असतील. सापळा लावला.

१३ डिसेंबर

सापळ्यात काही सापडलं नाही.

गाडी टकटक करते. उभी असताना, उजव्या बाजूने. कॅमची पेटी तिकडेच. चालताना सायलेन्सरच्या आवाजात झाकून जाते. तेल हलकं असेल. थंडीने होतं असं.

१५ डिसेंबर

तेल बदललं. टकटक आहे. सेटिंग परत केली. पुशरॉड ढिला झाला होता, तो बसवला. आज परत ढिला. कुठेतरी काहीतरी कमी होत आहे. नट मी नीट आवळला नसेल.

सुटताना पूर्वीसारखी ओढत नाही. माझं वजन वाढलेलं नाही.

१६ डिसेंबर

अनुपने झाकण उघडलं आणि बॅटरी जवळ धरली. 

धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॅमचं टोक खाल्लं गेलं आहे. अंड्याच्या टोकासारखं असायला हवं, ते चपटं. टॅपेटचा तळही फुटला. तेलात बोट घातलं तर चांदीसारखा चुरा आला.

मी म्हटलं, कॅम नकली होता. तो नागपूरचा माणूस उगाच सोडून गेला नाही.  अनुपने हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा कॅम काढून दाखवला. त्याच्यावरही रेघा. तो म्हणाला की अजून थोडी पळवली असती तर हाही गेला असता.

"दोन्ही नकली?"

"दोन्ही," मी म्हटलं.

शिव्या दिल्या नाहीत. एवढं त्याने मागितलं होतं.

१७ डिसेंबर

बाबांना सांगितलं. त्यांच्यावर ढकलायचं नव्हतं, पण तोंडातून निघालं: तुम्हीच म्हणाला होता, नव्यासोबत जुनं. नव्याला खाऊन टाकलं त्याने.

बाबा जेवत होते. हात थांबला.

"मी गोऱ्ह्याचं सांगत होतो, बाई."

"कोणत्या गोऱ्ह्याचं?"

 मायने त्यांच्या ताटात वरण वाढलं. कुणी मागितलं नव्हतं.

बाबांनी शब्द फिरवला. हे पहिल्यांदा पाहिलं. आमच्या घरी आता गोऱ्हा कुठला? गोऱ्हा नसताना गोऱ्ह्याचं कोण सांगतं? टॅपेट त्यांच्या हातात होते. मी विचारलं होतं टॅपेटचं.

२२ डिसेंबर

कृष्णराव शाळेच्या रस्त्यावर भेटले. मी बसने जाते हे त्यांनी पाहिलेलं. गाडी थांबवून खाली उतरले. म्हणाले, पोरी, मान वाटून घेऊ. गोलू धावेल, नारळ तू फोड. दोन्ही घरांचं राहील.

त्यांनी हे चांगुलपणाने म्हटलं. म्हणूनच जास्त लागलं.

"नारळ फोडाले मी कायले पायजे काका? नारळ कोनीबी फोडते."

"तुझ्या बापाचं म्हणणं घेतलं का तू?"

"त्याहीचं म्हणणं काय आहे ते मले माहीत आहे."

ते काही बोलणार होते. मग राहू दिलं आणि गाडीत बसले.

बस आली नाही. चालत गेले.

२७ डिसेंबर

अनुप म्हणतो नवी कॅमची जोडी मागवली तर फेब्रुवारी उजाडेल. पट वीस जानेवारीला.

तीन दिवस त्याच्याकडे गेले नव्हते. आज गेले, स्टुलावर बसले. तो दुसऱ्या कुणाच्या गाडीत हात घालून होता. मी म्हटलं, कॅम नकली नव्हते. तो म्हणाला, नव्हते. आणि हात पुसून चहा सांगितला.

त्याने माझे जुने कॅम घासलेटच्या डब्यात ठेवले होते. फेकले नव्हते. काढून पुसले, टोकं मापून पाहिली. पंधरा वर्षांचे, पण गोलाई शाबूत. याच्यावर नवे टॅपेट चालतात, म्हणाला. टॅपेटचा तळ नवा, कोरा असेल तर तो चांगल्या जुन्या कॅमवर बसतो. उलट नाही चालत.

"म्हणजे तुझ्या बाबाचं अर्धं बरोबर होतं," तो म्हणाला. "नव्यासंग जुना. फक्त कोन नवा नं कोन जुना, ते चुकलं."

"त्याहीनं गोऱ्ह्याचं सांगतलं होतं."

हे वाक्य मी का बोलले कळत नाही. अनुप हसला नाही.

जुन्या कॅमवर जोर कमी मिळेल. कार्बोरेटर आणि सायलेन्सर नवेच राहतील. गोलूला हरवता येईल का, विचारलं. सुटताना पुढे राहशील, म्हणाला, पुढचं सांगत नाही.

झेंड्यासमोर उभी तर राहील. अट तेवढीच आहे.

३ जानेवारी २०१६

नागपूरहून टॅपेट एस.टी.ने आले. त्याआधी सगळं इंजिन धुतलं, चुऱ्याचा एक कण राहिला तरी परत तेच होईल. एकेक नळी, एकेक भोक. मीच धुतलं. अनुप पाहत होता आणि बोलत होता: पवनीची आई अजून गादीचं कुलूप त्याच्यासाठी ठेवते म्हणे, कुणाला उघडू देत नाही. मी म्हटलं, मग जा ना. म्हणाला, तुझा पट झाला की ठरवू. माझ्या पटाचा आणि त्याच्या गादीचा काय संबंध.

या वेळी स्प्रिंगाही साध्याच. जुन्या कॅमला कडक स्प्रिंग नको.

पुशरॉड फिरतो. हलत नाही.

११ जानेवारी

बांध्यांतला धान केव्हाच निघाला. दोन पट्ट्या आखून झाल्या. सकाळी शाळेआधी तिथे सराव करते. गोलूही येतो. एकमेकांशी बोलत नाही. गाड्या बोलतात.

सुटताना क्लच एकदम सोडला तर मागचं चाक माती उकरतं आणि गाडी जागीच राहते. हळू सोडला तर तो पुढे जातो. मधलं कुठेतरी आहे. सापडलं की हरवतं.

आज मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. बोडीच्या पाळीवर बाबा. मी वळले तोवर वाडीच्या दिशेने चालू लागले होते. सकाळीसुद्धा भांडायला जातात आता.

१५ जानेवारी

संक्रांत. मायने तीळगूळ दिला. बाबांनी एक मला दिला, दोन खिशात टाकले आणि निघून गेले. ज्याच्याशी रोज भांडायचं त्याला तीळगूळ कसले. माय म्हणाली, जाऊ दे, वर्षाचा सण आहे.

१९ जानेवारी

उद्या.

मुख्याध्यापकांनी रजा दिली आणि म्हणाले, मुलांना तिकडे नेऊ का? म्हटलं, न्या. मुली पुढे बसवा.

२० जानेवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

नऊला झेंड्यासमोर गाडी उभी केली. माझ्याआधी कुणी नव्हतं. अनुप आला, पुशरॉड पाहिले, दोन-चार जणांना उगाच मागे सरकवलं. गोलू डाव्या पट्टीवर, मी उजव्या. बांध्यांवर माणसं, ट्रॅक्टरवर माणसं, झाडांवर माणसं. माय पहिल्या रांगेत. बाबा दिसले नाहीत.

मग भोंग्यावर कृष्णरावांचा आवाज. पट बैलांचा आहे, बैल विसरून चालणार नाही. धावायला बंदी आहे, चालायला नाही. म्हणून पहिल्यांदा दानीवरून जोडी चालत जाईल आणि पट सुरू झाला असं धरलं जाईल. जोडी कृष्णरावांची. धुरकरी घनश्याम.

लोक बाजूला झाले. आमचा कोसऱ्या.

दुरून नाही, माझ्या हँडलच्या अंतरावरून गेला. शिंगांना तेल, अंगावर झूल. त्याच्या बाजूला एक पांढरा गोऱ्हा, कोवळा, सारखी मान टाकणारा. तो अडला की कोसऱ्या जरासा खांदा रेटायचा आणि गोऱ्हा चालू लागायचा. मधे बाबा. डोक्याला नवा फेटा. तो घरी बांधला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण बैलांना हाकणारा माणूस पाहतो तसं.

माय दोरीखालून माझ्याजवळ आली.

"रोज जाते तो वाडीत, कोसऱ्यापाशी. ढेप घेऊन."

"तुले माहीत होतं?"

"तुले नव्हतं?" तिने विचारलं. खरंच विचारलं.

दोन महिने. ज्या मानासाठी मी इंजिन फोडलं, कॅम खाल्ले, माणसं तोडली, तो मान बाबांनी स्वतः चालत नेला आणि दुसऱ्याच्या जोडीला दिला. कोसऱ्याच्या गळ्यात हात टाकायला मिळतो म्हणून. लोक टाळ्या वाजवत होते. काही म्हातारे डोळे पुसत होते. मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा राग आला आणि कोसऱ्याचाही.

गोलूने हेल्मेटची काच वर केली. "शालूताई, आता कायचा मान? घरी ने गाडी. मी एकटा धावून देतो."

हे तो मला चिडवायला म्हणत नव्हता. त्याला वाटलं मी रडेन.

"गाडी चालू कर," मी म्हटलं.

"कायले पण?"

"चालू कर."

किक मारली. पहिल्या किकेला पेटली. इशाऱ्याचा गमछा खाली आला आणि क्लच जिथे सोडायचा तिथेच सुटला. मधलं ते सापडलं. मी त्याच्या पुढे होते. पट्टीच्या मध्यावरच्या बाभळीपर्यंत पुढे होते, त्याच्या गाडीचा आवाज मागून येत होता. असं काही मी आजवर ऐकलं नव्हतं, आपल्यामागे कुणाचा तरी आवाज. मग तो बाजूला आला, मग पुढे.

हरले. एका गाडीच्या लांबीने.

शेवटाला गाडी वळवली तेव्हा बाबा दिसले. पट्टीकडे पाठ करून उभे होते. कोसऱ्याच्या दोन्ही कानांवर हात दाबलेले, त्याच्या मानेवर डोकं टेकलेलं. गोऱ्हा दोरीला ओढत होता. माझी सबंध धाव अशी गेली. गावात एकट्या त्यांनी ती पाहिली नाही.

अनुपने पुशरॉड तपासले. फिरतात, म्हणाला. हलत नाहीत.

पट तीन दिवसांचा. हरलेल्याला उद्या परत नाव देता येतं. समितीच्या टेबलावर गेले. कृष्णरावांनी विचारलं, घनश्यामच्या घराची म्हणून घोषणा करू ना? म्हटलं, नाही. शालू म्हणून करा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान डोलावली.

संध्याकाळी बाबा घरी आले. फेटा काढून खुंटीला लावला. मी चुलीपाशी होते. बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"आज आवाज भल्ला झाला," ते म्हणाले. "कोसऱ्या बिथरला."

सायलेन्सर बदल म्हणतील असं वाटलं. म्हणून आधीच सांगून टाकलं: सायलेन्सर बदलणार नाही.

"नको बदलू. उद्या कितव्या नंबरानं धावतेस ते सांग. त्याच्या आधी मी त्याले बोडीपल्याड नेतो."

उद्याचं मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. टेबलापाशी त्यांनी चौकशी केली असणार, बैलासाठी.

"बोडीपल्याडून तुमाले काई दिसणार नाई."

"आवाज येते ना," बाबा म्हणाले. "इतक्या सगळ्यात तुझा कोनता, ते समजते."

त्यांना बैलाचीच काळजी आहे. असू दे. नंबर सातवा आहे. मी सांगितला नाही. आवाज समजतो म्हणाले ना. ऐका मग.